आतली भिंत



२७ सप्टेंबर १८५४ रोजी लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाणारी 'आर्क्टिक' ही नामांकित, वेगवान आगबोट न्यूफाउंडलंडजवळ दाट धुक्यात 'व्हेस्टा' या लहान फ्रेंच आगबोटीवर आदळली. 'आर्क्टिक'वर माणसे सुमारे चारशे, होड्या अवघ्या सहा. बोट बुडू लागताच अनेक खलाशांनी होड्या बळकावल्या. एकही स्त्री, एकही मूल वाचले नाही. वाचलेल्यांत बहुसंख्य बोटीवरचेच नोकर होते. स्टुअर्ट हॉलंड हा शिकाऊ तरुण मात्र शेवटपर्यंत इशाऱ्याची तोफ उडवीत राहिला आणि बोटीबरोबरच बुडाला.

इकडे पुढचा भाग चेचलेली 'व्हेस्टा' आतली भिंत टिकल्यामुळे बंदराला लागली.

मित्रांनो, त्या खलाशांना काम येत नव्हते असे नाही. पण प्रवाशांचे प्राण ही आपल्याकडची अमानत आहे, याचा त्यांना विसर पडला. विद्या ही वेगवान बोट, तर चारित्र्य ही आतली भिंत. उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल, शिक्षक व्हाल. तेव्हा ही भिंत शाबूत आहे ना, हे पाहा.

आणि पालकहो, मुलाला गुण किती मिळाले हे जरूर विचारा. मागे पडलेल्या सोबत्याला त्याने हात दिला का, हेही विचारा.