एकट्या पालकाचा पगार



वसंतातल्या या व्याख्यानांना दर वर्षी विद्वान माणसे येतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, जुने निवाडे आणि पगाराच्या चिठ्ठ्या वाचता वाचता झाले. तेव्हा आज तत्त्वज्ञान सांगण्याचा आमचा विचार नाही. एक हिशेब सांगायचा आहे, आणि त्या हिशेबात आम्ही स्वतः केलेली चूकही सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात ठेकेदाराकडच्या कामगारांचे मागणीपत्र आम्ही तयार करीत होतो. कँटीनमध्ये काम करणारी एक बाई सभेला आली होती. नवरा वारल्यावर ती मुरूडकडच्या एका खेड्यातून दोन मुले घेऊन अलिबागेस आलेली. आम्ही फळ्यावर किमान वेतनाचे सूत्र मांडून दाखविले. ती उठून म्हणाली, "भाऊ, यात माझं घर कुठल्या खान्यात बसतं?" आम्ही बेरीज केली आणि तिला उत्तर दिले. ते उत्तर ऐकून ती म्हणाली, "म्हणजे नवरा गेला म्हणून मला पगारही कमी लागतो, असं तुमची वही म्हणते?"

सभेत कोणी हसले नाही. आम्हांसही उत्तर सुचले नाही.

आता ते सूत्र काय आहे ते पाहू. जुलै १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेले किमान वेतन कसे काढावे हे ठरविले. कामगाराचे कुटुंब तीन उपभोग-एककांचे धरावे. दर प्रौढ माणसास डॉ. आयक्रॉइड यांच्या आहारमानाप्रमाणे अन्न. चार माणसांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक घरबांधणी योजनेइतके किमान भाडे. आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत असे सांगितले. हे सूत्र म्हणजे कामगार चळवळीची मोठी कमाई आहे. त्याला नावे ठेवण्यास आम्ही उभे नाही.

परंतु तीन एकके होतात कशी? कमावता पुरुष १, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. आता यातून पुरुष वजा करा. उरते बाई ०.८ आणि मुले १.२, म्हणजे दोन एकके. सूत्र म्हणते, एक तृतीयांश अन्न कमी लागेल. अन्नापुरते ते खरेही असेल. पण त्या सूत्रात एक माणूस असा आहे, की त्याच्या श्रमाची किंमत कोठेच मांडलेली नाही. ती घरातली बायको. ती रांधते, पाणी भरते, मुलास शाळेतून आणते, तापात उशाशी बसते. तिला पोटाचे ०.८ एकक मिळाले, कामाचे शून्य. ज्या घरात कमावणारी आणि सांभाळणारी एकच व्यक्ती आहे, तेथे हे शून्य एकदम पैशांत बदलते. बायको नसलेला, मुले सांभाळणारा बाप असला तरी हिशेब हाच.

कोणी म्हणेल, घरच्या कामाची किंमत काढणे हे नवे खूळ आहे. मुळीच नाही. आपल्या किनाऱ्याला ते जुनेच ठाऊक आहे. आपले आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत गेले ते बहुधा एकटे गेले. बायकामुले गावी राहिली. तेथे ते जेवत कोठे? खानावळीत, आणि महिन्याच्या महिन्याला खानावळवालीचे पैसे मोजीत. अशा खानावळी चालविणाऱ्या बायांचे संघटन करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकट्या पुरुषाच्या जेवणाची खानावळ हा रास्त खर्च आहे, याबद्दल कधी कोणी वाद घातला नाही. मग एकट्या आईच्या मुलाचे पाळणाघर हा खर्च रास्त का नव्हे?

गाव सोडल्याने आणखी काय जाते तेही पाहावे. गावी स्वतःचे छप्पर होते, भाडे नव्हते. परसात शेवगा होता, वाडीत दोन नारळ होते, पोत्यात वाल होते, पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरलेली होती. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेजार होता. "पोराकडे बघ गं जरा" एवढे म्हटले की काम भागत असे. यातली एकही वस्तू पगारपत्रकात नव्हती, आणि शहरात आल्यावर प्रत्येकीची पावती फाडावी लागते.

म्हणून नवा हिशेब मांडू. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपले भाडे, आपली शाळा घालून पाहावी. एक आई, एक मूल नऊ वर्षांचे, एक तीन वर्षांचे. राहणे तालुक्याच्या गावी, भाड्याच्या दोन खोल्यांत. भाडे ६,०००. वीज, पाणी, गॅस १,८००. किराणा, दूध, भाजी, मासळी ८,०००. पाळणाघर ३,५००. शाळा, वह्या, गणवेश, शिकवणी महिन्यावर वाटून २,०००. प्रवास १,२००. औषधपाणी १,२००. कपडे १,०००. मोबाइल ४००. येथवर बेरीज झाली २५,१००. यात माणूस तग धरतो, जगतो असे म्हणवत नाही. सणवार आणि गावी जाणे-येणे १,२००, व अडीअडचणीसाठी शिल्लक २,५०० धरली, तर हातात २८,८०० रुपये यावयास हवेत. भविष्यनिर्वाह निधीची बारा टक्के कपात सगळ्या पगारावर धरली, तर कागदावरचा पगार ३३,००० च्या जवळ जातो.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ साली देशासाठी किमान वेतन सुचविले ते रोज ३७५ रुपये, म्हणजे महिना ९,७५०, जुलै २०१८ च्या किमतींप्रमाणे. किमती त्यानंतर वाढल्या हे धरूनही दोहोंतले अंतर आपणच मोजावे.

"सुखाने" हा शब्द ऐकून मालकवर्ग दचकतो. पण १९४८ च्या न्याय्य वेतन समितीनेच किमान, न्याय्य आणि निर्वाह अशा वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि आपल्या संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचा आणि सांस्कृतिक संधींचाही उल्लेख आहे. या व्याख्यानास संध्याकाळी येऊन बसणे ही सांस्कृतिक संधीच आहे. समोर बसलेल्यांत मुले एकटीने वाढविणाऱ्या बाया किती आहेत? त्यांना आवड नाही म्हणून त्या आल्या नाहीत, असे आम्हांस वाटत नाही.

आता एक बारकी गोष्ट. नुसत्या रकमेने हा प्रश्न सुटत नाही. वरच्या पगारात सव्वीस दिवस धरले तर रोज सुमारे १,१०८ रुपये पडतात. मूल तीन दिवस तापाने पडले आणि तीन खाडे धरले गेले, की ३,३०० रुपये गेले; महिन्याची सगळी शिल्लक संपून वर कर्ज. दोन पालकांच्या घरात एकाचा खाडा वाचतो. येथे वाचत नाही. म्हणून पगारी रजा हीही या घरात भाताइतकी गरजेची वस्तू आहे.

पाळणाघराचा कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ सालच्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर ती सोय बंधनकारक झाली, आईस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पण लहान दुकाने, हॉटेले, दवाखाने यांत पन्नास माणसे कोठून असणार? तेथे चार-सहा मालकांनी आणि नगरपालिकेने मिळून एक पाळणाघर काढणे अशक्य नाही. एक पालक असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, एस.टी.त मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे. यांचा लाभ जरूर घ्यावा. मात्र सरकारची मदत मालकाच्या पगारातून वजा करण्याची चाल कोणी खेळू लागला, तर ती मान्य करू नये.

याच तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली संप केला, आणि सुमारे सहा वर्षे शेते ओसाड ठेवली. खोताच्या वहीतला हिशेब त्यांनी नाकारला होता. आमच्या मते त्या संपाचा धडा एवढाच, की ज्याच्या घरचा हिशेब असेल त्याने तो स्वतः मांडावा.

त्या सभेनंतर मागणीपत्रात आम्ही "सांभाळणूक" असे एक नवे कलम घातले. व्यवस्थापनाने विचारले, हे कोणत्या सूत्रात बसते? आम्ही सांगितले, बसत नाही म्हणूनच लिहिले. खरे सांगावयाचे तर पाळणाघर मिळाले नाही. मुलाच्या आजारपणासाठी वर्षाला सहा दिवसांची पगारी रजा तेवढी मिळाली. बाईला ते कळविले तेव्हा ती म्हणाली, "सहा तर सहा. पण ते कलम खोडू नका." ते आम्ही खोडलेले नाही. दर करारात ते पुन्हा लिहितो.

आपणांपैकी कोणी माणसे कामाला ठेवणारे असाल, तर घरी गेल्यावर आपल्याकडच्या एकट्या पालकाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. आणि कोणी मुले घेऊन नव्या गावी निघाले असाल, तर पगार विचारण्याआधी भाडे, पाळणाघर, शाळा आणि रजा या चार गोष्टी विचारा, आणि मगच होकार द्या.