हप्ता थकला तर बँकेत जा



नोकरी जाते, घरात मोठं आजारपण येतं, धंदा बसतो आणि गृहकर्जाचा हप्ता चुकतो. मग बँकेचा फोन घ्यायचा नाही, आलेलं पाकीट फोडायचं नाही, भावालासुद्धा काही कळू द्यायचं नाही, असं सुरू होतं. कर्ज थकलं म्हणजे अब्रू गेली, असं आपल्याकडे वाटतं. पण या गप्प बसण्यानंच हातातले सगळ्यांत मोलाचे दिवस निघून जातात.

हे दिवस 90. त्याहून अधिक काळ हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं आणि 2002चा सरफेसी कायदा पुढे येतो. दिवाणी कोर्टात न जाता बँक घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. आपली सहकारी बँक असं करणार नाही, या भरवशावर राहू नका. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020मध्ये स्पष्ट केलं. तो खटला कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचाच होता.

म्हणून आधीच शाखेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं जोडा. दरमहा नक्की किती भरू शकाल, तो आकडा लिहा. प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. समजा, 25 लाख बाकी आहेत, व्याज 9 टक्के, वर्षं उरलीत 12. हप्ता साधारण 28,450 रुपये. मुदत 20 वर्षं झाली तर तो 22,500वर येतो. एकूण व्याज मात्र सुमारे 13 लाखांनी वाढतं. महाग आहे, पण घर राहतं. बँकेवर सक्ती नाही, त्यामुळे अर्ज पटणारा हवा.

सरफेसीची नोटीस आलीच, तर 60 दिवस मिळतात. तिच्यात थकलेले हप्तेच नाही, तर सगळं कर्ज मागितलेलं असतं. घाबरू नका, लेखी हरकत द्या. बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. थकबाकी पूर्ण भरली तर खातं पुन्हा नियमित होऊ शकतं. ताब्याची कारवाई झाली, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की मात्र सगळे पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क उरत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि ‘आधी फी भरा, तुमचं कर्ज मिटवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. तो पैसा हप्त्यात भरा.