मॉरिशस बेटावरील पाहण्याजोगीं शहरें

सुटी जवळ आली म्हणजे पुण्यांतील सुशिक्षित घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर झालें, गोवा झाला, केरळही झाला. आतां एखादें दूरचें बेट पाहावें असा मुलांचा आग्रह असतो. अशा वेळीं जीं नांवें निघतात त्यांत मॉरिशसचें नांव बहुधा असतेंच. मुंबईहून विमानानें सुमारें सहा तासांचा हा प्रवास आहे. प्रवास-कंपन्यांचीं पत्रकें पाहावीं तर त्यांत पांढरी वाळू, निळें पाणी आणि माडाखालीं मांडलेल्या खुर्च्या एवढेंच दिसतें. तें चित्र खोटें नाहीं. परंतु वाळू आणि माड दिवेआगरलाही आहेत. तेवढ्यासाठीं साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन, आठ दिवस एकाच आवारांत राहून परत येणाऱ्या कुटुंबानें मॉरिशस पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं. त्या बेटाचें खरें दर्शन होतें तें त्याच्या शहरांतून आणि खेड्यांतून. आणि मराठी माणसाला तर तें दर्शन थोडें अस्वस्थही करतें.

बेट लहान आहे. लांबी सुमारें ६५ किलोमीटर, रुंदी ४५. क्षेत्रफळ पुणें जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाहूनही किंचित् कमी. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. विषुववृत्ताच्या उत्तरेस पुणें जितकें दूर, जवळजवळ तितकेंच हें बेट दक्षिणेस असल्यामुळें तेथील ऋतु उलटे. आपल्याकडे उन्हाळ्याची सुटी असते तेव्हां तेथें थंडीची चाहूल लागलेली असते. जानेवारीपासून मार्चपर्यंत चक्रीवादळांचें भय असतें, म्हणून मे ते नोव्हेंबर हा काळ प्रवासास उत्तम. तेथें उतरल्यावर पुणेकरास एक गोष्ट ओळखीची वाटते, ती म्हणजे काळा कातळ. हा नुसता भास नव्हे. भूशास्त्रज्ञांच्या मतें पृथ्वीच्या पोटांतील ज्या तप्त स्थानांतून सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनचे अग्निजन्य थर बाहेर पडले, त्याच स्थानानें, भारतखंड उत्तरेस सरकून गेल्यावर, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वीं मॉरिशस घडविलें. सिंहगडाचा खडक आणि हें बेट एकाच भट्टींतून निघालेलीं भावंडें आहेत.

विमानतळ बेटाच्या आग्नेयेस आहे आणि त्याच्या जवळच माहेबूर हें जुनें गांव आहे. बहुतेक प्रवासी त्याला बगल देऊन थेट किनाऱ्यावरील निवासाकडे धांवतात. तसें करूं नये. याच भागांत १५९८ सालीं डच लोक प्रथम उतरले आणि त्यांनीं आपल्या मॉरिस राजपुत्राचें नांव बेटास दिलें. त्यांच्याच राजवटींत डोडो नांवाचा तो भाबडा, न उडणारा पक्षी जगांतून नाहींसा झाला. १७१० सालीं डच गेले, १७१५ सालीं फ्रेंच आले. पुढें १८१० च्या ऑगस्टमध्यें येथील खाडींत इंग्रज व फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली व तींत फ्रेंच जिंकले. गंमत अशी कीं, चार महिन्यांच्या आंत इंग्रजांनीं उत्तरेकडून सैन्य उतरवून सगळें बेटच घेतलें. तरी त्या एका विजयाचें नांव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलें आहे. लढाईंत जखमी झालेले दोन्ही बाजूंचे सेनानी एकाच घरांत उपचार घेत होते. तें घर आज इतिहासाचें संग्रहालय आहे. गांवांत सोमवारीं बाजार भरतो. तेथें कारलीं, दोडके, कोथिंबीर यांचे ढीग पाहून गृहिणींस क्षणभर मंडईंत आल्यासारखें वाटेल.

माहेबूरहून वर चढत गेलें म्हणजे मध्य पठारावर क्युरपीप हें शहर लागतें. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ पुण्याइतकीच आहे. पाऊस मात्र लोणावळ्याची आठवण करून देणारा. छत्रीवांचून तेथें जाणें शहाणपणाचें नाहीं. गांवालगत एका विझलेल्या ज्वालामुखीचें वर्तुळाकार तोंड आहे, आंत झाडी माजलेली आहे. परंतु हें शहर वाढलें कां, हें जाणून घेण्यासारखें आहे. १८६६ ते १८६८ या काळांत बेटावर हिवतापाची भयंकर सांथ आली आणि राजधानींत माणसें पटापट मरूं लागलीं. ज्यांना शक्य होतें ते पैसेवाले वर थंड हवेंत येऊन राहिले. उंसाच्या मळ्यांतील मजुरांना तशी सोय नव्हती; ते खालींच राहिले. म्हणून क्युरपीपचे सुंदर बंगले पाहतांना ते कोणी आणि कशाच्या भीतीनें बांधले हेंही आठवावें. हिवताप डासांपासून होतो हें सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०७ सालीं याच बेटावर सल्ला देण्यास आले होते.

क्युरपीपहून राजधानी पोर्ट लुईपर्यंत आतां विजेची मेट्रो धांवते. ती एका भारतीय कंपनीनें भारताच्या साहाय्यानें बांधली असून १९६४ सालीं बंद पडलेल्या जुन्या आगगाडीची उणीव तिनें भरून काढली आहे. वाटेंत व्हाक्वा, कात्र बोर्न, रोझ हिल हीं गांवें एकास एक लागून येतात. त्यांत कात्र बोर्न कपड्यांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे; ज्यांस खरेदीचा सोस आहे त्यांनीं तेथें उतरावें, इतरांनीं गाडी सोडूं नये.

पोर्ट लुईस मात्र पुरते दोन दिवस द्यावेत. फ्रेंच गव्हर्नर लाबूर्दोने यानें १७३५ नंतर हें बंदर वसविलें. डोंगरांच्या कुशींत वसलेलें हें शहर दुपारीं तापतें, म्हणून सकाळीं लवकर निघावें. टेकडीवरचा किल्ला, १८१२ पासून चालत आलेलें घोड्यांच्या शर्यतींचें मैदान, जुनी मशीद, चिनी लोकांची पेठ, हें सगळें पायीं फिरून पाहतां येतें. भूक लागली कीं रस्त्यावर डाळपुरी मिळते. आपल्या पुरणपोळींतील गूळ काढून टाकावा, डाळ तशीच कोरडी भरावी आणि बरोबर घेवड्याची उसळ व चटणी द्यावी, तसा हा पदार्थ. तो विकणारा क्रिओल बोलतो, त्याच्या हातांतील वर्तमानपत्र फ्रेंच असतें, न्यायालयाचें काम इंग्रजींत चालतें आणि पदार्थाचें नांव भारतीय. बेटाचा सारा इतिहास त्या एका कागदाच्या पुडींत आलेला असतो.

याच शहरांत, बंदराच्या कांठीं, आप्रवासी घाट आहे. पाहावयास तेथें फारसें कांहीं नाहीं: जुन्या दगडी भिंती, कांहीं खोल्यांचे अवशेष आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. ताजमहाल पाहून आलेलीं मुलें 'एवढेंच?' असें विचारतील. वडीलधाऱ्यांनीं त्यांना तेथें थोडा वेळ बसवून पुढील हकीकत सांगावी.

इंग्रजी साम्राज्यांत गुलामगिरी बंद झाली, ती मॉरिशसमध्यें १ फेब्रुवारी १८३५ पासून. परंतु मळेवाल्यांस माणसें तर हवींच होतीं. म्हणून हिंदुस्थानांतून करारानें मजूर आणण्याची रीत निघाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ॲटलास जहाजानें छत्तीस मजूर कलकत्त्याहून आले आणि तेथपासून १९१० पर्यंत सुमारें साडेचार लक्ष माणसें या बेटावर उतरलीं. करार बहुधा पांच वर्षांचा, पगार महिना पांच रुपये. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा. कागदावर हा करार स्वखुशीचा होता. ज्याला अंगठा उठवितांना आपण कोठें जाणार हेंही नीट ठाऊक नव्हतें, त्याची खुशी ती कसली? बहुसंख्य मजूर बिहार व मद्रासकडील होते. परंतु मुंबई बंदरांतूनही जहाजें सुटलीं आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी वगैरे कोंकणपट्टीचे लोक होते. त्यांच्याही आधीं मुंबई इलाख्यांतले कांहीं कैदी येथें धाडले गेले होते व बेटावरील रस्ते त्यांच्याही हातांनीं झाले. या घाटाचें नांव पूर्वी कुली घाट असें होतें. १९८७ सालीं तें बदललें आणि २००६ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें.

आपल्याकडे इतिहास म्हटला कीं पेशवाई आणि पानिपत. घाटमाथ्यावरून अटकेपर्यंत गेलेल्या घोड्यांचा हिशेब पुण्यांतील शाळकरी मुलालाही येतो. पण त्याच मुलुखांतून खालीं, समुद्रावाटे, पोटासाठीं गेलेल्या या माणसांचें नांव आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधूनही क्वचित् सांपडतें. मॉरिशसमध्यें मात्र तीं नांवें जपून ठेवलेलीं आहेत. राजधानीजवळ मोका या टेकडीवरच्या गांवीं महात्मा गांधी संस्था आहे. १९०१ सालीं आफ्रिकेहून परततांना गांधीजींचें जहाज या बेटावर थांबलें होतें व त्यांनीं येथील भारतीयांची स्थिति डोळ्यांनीं पाहिली होती. त्या संस्थेंत मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, जहाज. आणि १८६० नंतरच्या दशकांपासून पुष्कळांचीं छायाचित्रेंही. गोऱ्या कारकुनानें कानाला लागलें तसें लिहिलें, त्यामुळें गांवांचीं नांवें ओळखूं येत नाहींत आणि बापाचें किंवा आज्याचें नांवच पुढें घराण्याचें आडनांव होऊन बसलें. म्हणून तेथें आज भेटणाऱ्या मराठी माणसाचें आडनांव एखाद्या पुरुषाच्या पाळण्यांतल्या नांवासारखें लागतें. त्यावरून तो कोण, कुठला हें ओळखण्याचा पुणेरी उद्योग करूं नये. त्याचें खरें आडनांव कदाचित् त्यालाही ठाऊक नसतें आणि तें शोधण्यासाठींच तो या वह्या चाळीत असतो. याच मोका गांवीं २०२३ सालीं शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला आहे.

उत्तरेकडील पांपलेमूस येथील वनस्पति-उद्यानाचें वर्णन सर्वत्र असतें, म्हणून येथें विस्तार नको. ज्या फळास आपण पपनस म्हणतों त्याचेंच फ्रेंच नांव या गांवाला आहे, आणि परातीएवढ्या पानांचीं कमळें पाहून मुलें खूष होतात, एवढें पुरे. नैर्ऋत्येच्या टोंकाचा ल मॉर्न हा उभा डोंगर मात्र चुकवूं नये. पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत लपून राहत.

तेथून किनाऱ्यानें उत्तरेकडे परततांना, समुद्रापासून थोडें आंत, कास्कावेल नांवाचें खेडें लागतें. त्याला शहर म्हणतां येणार नाहीं. प्रवासाच्या पत्रकांत तर त्याचें नांवही नसतें. परंतु तें मराठी वस्तीचें गांव आहे. बेटाच्या लोकसंख्येंत मराठी मंडळींचें प्रमाण शेकडा दोनांच्या आसपास. त्यांनीं कोंकणांतील जाखडीचा नाच झाकरी या नांवानें अजून राखला आहे. मृदंगाच्या ठेक्यावर फेर धरला कीं रत्नागिरीकडच्या माणसाला भाषांतर लागत नाहीं. गणपतीची पहिली पूजा तेथें १८९६ सालीं झाली असें ते मानतात, म्हणजे पुण्यांत सार्वजनिक उत्सवाचा जोर वाढूं लागला त्याच सुमारास. गणेशचतुर्थीस आज साऱ्या देशाला सरकारी सुटी असते.

त्यांच्या भाषेसंबंधीं मात्र आपल्या लोकांस आधींच सांगून ठेवणें बरें. घरांत, बाजारांत, कामावर ते क्रिओल बोलतात. मराठी त्यांची मुलें शाळेंत ऐच्छिक विषय म्हणून शिकतात आणि आकाशवाणीवरील मराठी कार्यक्रमांतून ऐकतात. त्यामुळें एखादा वृद्ध गृहस्थ पुण्याहून पाहुणे आले म्हणून मुद्दाम मराठींत बोलूं लागतो, तेव्हां त्याचें लिंग चुकतें, क्रियापद अडखळतें, मधूनच क्रिओल शब्द येतो. पुण्यांतील माणसास दुसऱ्याचें व्याकरण दुरुस्त करण्याची जुनी खोड आहे, आणि शिक्षकांच्या घरांत तर ती वंशपरंपरेनें येते. ती मुंबईच्या विमानतळावरच ठेवून जावी. पावणेदोनशें वर्षांच्या आसपास, ऊंस कापीत, पत्र लिहिण्यास अक्षर नसतांना, परत जाण्यास पैसा नसतांना, ज्यांनीं 'आई', 'देव', 'भाकरी' हे शब्द संभाळले, त्यांच्या 'तो'चा 'ती' झाला म्हणून मराठीचें कांहीं बिघडत नाहीं. उलट असा पाहुणा हंसला, कीं त्या घरांतील नातू पुन्हां मराठींत बोलावयास धजत नाहीं.

गणेशोत्सवांत पुणें सोडून जाणें पुणेकराच्या जिवावर येतें हें खरें. पण भाद्रपदांत तेथील हवा थंड व कोरडी असते, वादळाचें भय नसतें. सणाच्या काळांत पश्चिम किनाऱ्याजवळच्या मराठी वस्तींत गेल्यास घरोघरच्या मूर्ति वाजतगाजत पाण्याकडे निघालेल्या दिसतात. जाणाऱ्यांनीं सामानांत सोप्या मराठी गोष्टींचीं चार पुस्तकें टाकावीं. तेथील शाळांतून मराठी शिकणाऱ्या मुलांस वाचावयास तीं सहज मिळत नाहींत, आणि विमानाच्या वजनांत त्यांचा भार पाव किलोचाही होत नाहीं.