रोल धुताना घाई नको

 जेवणं आवरली असतील तर जरा बसा. आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत, आणि तिच्यातून काय शिकलो तेही.

आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद पडला, पण कॅमेरा, रोल धुण्याचा डबा आणि थर्मामीटर माळ्यावर तसेच होते. आम्ही ठरवलं, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या गावातल्या आज्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचे आणि रोल घरीच धुवायचा. 36 फोटोंचा पहिला रोल एप्रिलच्या भर दुपारी धुतला. निम्मे फोटो वाया गेले. त्यातल्या एक आजी पावसाळ्याआधीच वारल्या. त्यांचा तो एकच फोटो, आणि गालावर काळे ठिपके! पुन्हा काढायला आजी कुठून आणायच्या?

मग एकेक चूक शोधली. पहिली अंधाराची. दाराच्या फटीतून उजेड आला की फिल्म काळवंडते. आता आम्ही रात्रीच बसतो, दाराला गोधडी लावतो. दहा मिनिटं अंधारात बसून स्वतःचा हात दिसला, तर उजेड येतोय असं समजायचं.

दुसरी, ओल्या रिळाची. रीळ ओलं किंवा हात घामेजलेले असले की फिल्म अडकते. ओढाताण केली तर ती मुडपते आणि चंद्रकोरीसारखे डाग पडतात. दोन वेढे एकमेकांना चिकटले, तर तिथे औषध पोचतच नाही. म्हणून रीळ आदल्या दिवशीच कोरडं करून ठेवा, आणि एखाद्या वाया गेलेल्या फिल्मवर आधी डोळे मिटून सराव करा.

तिसरी चूक उन्हाळ्याची. डेव्हलपरला 20 अंश सेल्सिअस उष्णता मानवते. 20 अंशांना 10 मिनिटं लागत असतील, तर 24 अंशांना साधारण 7 मिनिटं पुरतात. त्याहून गरम असेल तर वेळ फार कमी उरतो आणि फिल्म कुठे गडद, कुठे फिकी होते. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवा, पण बर्फ औषधात टाकू नका, ते पातळ होतं. धुण्याचं पाणीही तेवढंच गार हवं. गारातून एकदम गरमात गेल्यास फिल्मवर बारीक सुरकुत्यांची जाळी उठू शकते.

आजींच्या गालावरचे ठिपके कशाचे? हवेच्या बुडबुड्यांचे. बुडबुडा चिकटला की तेवढी जागा कोरी राहते आणि फोटोत काळी उमटते. पांढरा ठिपका शाईने झाकता येतो, काळा झाकत नाही. डेव्हलपर ओतल्यावर डबा ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा. पहिला अर्धा मिनिट डबा हळूहळू उलटसुलट करा, मग दर मिनिटाला दहा सेकंद. घुसळण नको, तिने कडेच्या भोकांपासून रेघा पडतात.

पुढे फिक्सर, ज्याला स्टुडिओवाले हायपो म्हणतात. फिल्म दुधाळ दिसली तर ती पुन्हा हायपोत घाला. आधी फिल्मचा एक तुकडा त्यात टाकून बघा. तो जितक्या वेळात पारदर्शक होईल, त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची.

आपल्या बोअरचं पाणी जड. ते वाळलं की हंड्यावर पडतात तसे पांढरे डाग फिल्मवरही पडतात. नीट धुऊन झाल्यावर शेवटचं बुचकळणं बॅटरीच्या शुद्ध पाण्यात करा. मात्र ते डिस्टिल्ड पाणीच हवं, ॲसिड नव्हे. बाटलीवरचं नाव वाचून घ्या. मग फिल्म बंद न्हाणीघरात टांगा, खाली चिमटा लावा, आणि वाळेपर्यंत झाडू मारू नका.

एक सांगणं महत्त्वाचं. या औषधांची भांडी स्वयंपाकाला कधीच वापरू नका. हातमोजे घाला, काहींच्या अंगावर पुरळ येतं. बाटल्यांवर नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, तो विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

दुसरा रोल आम्ही रात्री, सावकाश धुतला. सगळे 36 फोटो नीट आले. पहिल्या आजींचा ठिपक्यांचा फोटो त्यांच्या लेकाने तरीही भिंतीवर लावलाय. त्या घरी गेलो की आमची नजर आधी त्या ठिपक्यांकडेच जाते. तुमच्याकडे कुणाचा एकुलता एक फोटो रोलमध्ये असेल, तर आधी एक साधा रोल धुऊन हात बसवा, मगच तो उघडा.

बरं, येतो आम्ही. नमस्कार.