कोळशाची पक्वता आणि कामगाराचा जीव



गिरणगावात दगडी कोळशाच्या खाणीवर बोलायचे म्हणजे विषय लांबचा वाटेल. परंतु लालबागच्या गॅस कंपनी लेनचे नाव तुमच्या तोंडी अजून आहे. 1865 साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस कोळशापासून काढीत. कोळसा बंद भट्टीत तापवला की वायू निघतो आणि मागे कोक उरतो. गॅस कंपनी जे काम काही तासांत करी, तसलेच काम पृथ्वी आपल्या पोटात कोट्यवधी वर्षे करीत आली आहे. कंपनीचा वायू नळाने बाहेर जाई. पृथ्वीच्या भट्टीतला काही वायू कोळशातच अडकून राहतो. त्या वायूच्या शेजारी खाणकामगाराला पाळी काढावी लागते.

मी कॉलेजात गेलेलो नाही. वाचून आणि कामगारांना विचारून जे उमगले तेच सांगतो.

गाडल्या गेलेल्या झाडपाल्याचे प्रथम पीट होते, मग लिग्नाइट, मग बिटुमिनस कोळसा आणि शेवटी अँथ्रासाइट. या चढत्या पायऱ्यांना शास्त्रात रँक म्हणतात. आपण पक्वता म्हणू. बाजारातली प्रत ही निराळी गोष्ट. ती राख आणि उष्णता पाहून ठरते. पक्वता ठरते कोळसा जमिनीखाली किती तापला यावरून. ती वाढते तसे पाणी घटते, कार्बन वाढतो आणि मिथेन वायू तयार होत जातो.

हा मिथेन कोळशात फुग्यातल्या हवेसारखा कोंडलेला नसतो. कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. एका ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर चाळीतल्या दहा खोल्यांची जमीन सहज झाकली जाईल! या भिंतींना वायू दाबाने चिकटून बसतो. कच्च्या कोळशात बऱ्याच जागा पाण्याने आधीच अडवलेल्या असतात. पक्व कोळशात वायूला मोकळीक मिळते. म्हणून खाणीतल्या ओलसर कोळशाची वायू धरण्याची ताकद साधारणपणे पक्वतेबरोबर वाढते. थर फोडला, दाब उतरला, की वायू भिंत सोडून कामाच्या जागी येतो.

बळकटीचा हिशोब मात्र असा सरळ नाही. कच्चा कोळसा चिवट असतो, अँथ्रासाइट कठीण असतो. मधला, उत्तम कोक देणारा बिटुमिनस कोळसा सर्वांत ठिसूळ. त्यात बारीक भेगांचे जाळे असते. पोलादाच्या कारखान्याला नेमका हाच हवा असतो! म्हणजे ज्या कोळशाला मागणी मोठी, त्यातच वायू पुष्कळ आणि त्याचीच भिंत दुबळी. कोळसा चुरला की वायू झपाट्याने सुटतो. खोल खाणीत वायूचा आणि जमिनीचा दाब एकत्र येऊन कोळसा आणि वायू एकदम अंगावर उसळू शकतात. शिवाय बारीक भुकटी उडते, आणि वायूने पेट घेतला की तीही पेटते.

हे पुस्तकी भय नव्हे. 19 फेब्रुवारी 1958 रोजी राणीगंज भागात, सुमारे दोन हजार फूट खोल असलेल्या चिनाकुरीच्या खाणीत स्फोट होऊन पावणेदोनशे माणसे गेली. 6 सप्टेंबर 2006 रोजी झरियाच्या भाटडीह खाणीत 50 गेली.

आपल्या बल्लारपूर, घुग्घुस, माजरीकडचा कोळसा कमी पक्व आणि ओलसर. तिथे मिथेन कमी. पण म्हणून निर्धास्त राहू नये. असा कोळसा हवेतला प्राणवायू चटकन शोषतो, आपोआप तापतो, पेटतो, आणि मग कार्बन मोनॉक्साइड गुपचूप माणूस मारतो. पक्वता बदलली की शत्रू बदलतो. तो नाहीसा होत नाही.

कायदा काय म्हणतो? टनामागे एक घनमीटरपर्यंत वायू सुटणारा थर पहिल्या वर्गात, दहाच्या वर सुटणारा तिसऱ्या वर्गात. हवेत मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला की वीज तोडायची आणि माणसे बाहेर काढायची. मिथेन सुमारे 5 ते 15 टक्के असला म्हणजे स्फोट होतो. तेव्हा ही मर्यादा शहाणपणाची आहे. परंतु हे मोजमाप आज सुटलेल्या वायूचे. उद्या आणखी खोल गेल्यावर काय वाट पाहत आहे, ते थराची पक्वता, त्यातला वायू आणि त्याची बळकटी आधी तपासली तरच कळेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नवा थर उघडण्यापूर्वी हे तिन्ही आकडे काढावेत, आणि ते कामगाराला त्याच्या भाषेत फळ्यावर लिहून दाखवावेत. पगाराचा आकडा कळण्याचा हक्क आपण झगडून मिळवला. ज्या भिंतीपुढे उभे राहून तो पगार कमवायचा, तिचा आकडा कळण्याचा हक्क त्याहून लहान कसा?

चंद्रपुरास कोळशावर तयार होणारी वीज साडेसातशे किलोमीटरची तार ओलांडून पडघ्यापर्यंत येते. तेव्हा खाण आपल्यापासून फार लांब आहे असे मुंबईकराने म्हणू नये. हा प्रश्न कामगार संघटनांनी मागणीपत्रात घालावा आणि नागरिकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.