आईबाप विभक्त होतात तेव्हा मुलाचे म्हणणे
(हैदराबाद येथे मराठी भाषकांसमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



हैदराबादेत मराठीतून बोलताना परमुलखात आल्यासारखे वाटत नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. पुढे सीमा बदलली, सोयरिकी मात्र टिकल्या. नांदेड, देगलूर, उदगीरकडील लेकी आजही येथे नांदतात आणि इकडच्या मुली तिकडे सुना म्हणून जातात. त्यांतील काही संसार दुर्दैवाने मोडतात. मोडलेल्या संसारातील नवरा-बायकोविषयी समाज पुष्कळ बोलतो. आज मला बोलावयाचे आहे ते त्या घरातील मुलाविषयी, ज्याला सहसा कोणी काही विचारीत नाही.

मूल बापाचे, लहान आहे तोवर आईने सांभाळावे आणि मोठे झाले की बापाने न्यावे, अशी आपल्याकडे समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. मूल समजून-उमजून आपली पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालयाला ती पसंती विचारात घेता येईल, असे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या १७ व्या कलमात नमूद आहे. हा इंग्रजी अमदानीतला कायदा. स्वातंत्र्यानंतर १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम आला आणि त्याचे २६ वे कलम एक पाऊल पुढे गेले. मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य तेथवर मुलांच्या इच्छेस अनुसरून असावेत, असे ते सांगते. १९५६ च्या अधिनियमाने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी राहावे असे ठरविले आणि मुलाचे हित सर्वांत श्रेष्ठ मानले. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात, हनफी पंथाप्रमाणे, मुलगा सात वर्षांचा होईतो व मुलगी वयात येईतो सांभाळण्याचा हक्क आईचा. पण वाद न्यायालयात आला म्हणजे तेथेही मुलाचे हित पाहिले जाते. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच दिला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलाला आपल्यासंबंधीच्या बाबतीत मत मांडण्याचा हक्क दिला आणि १९९२ मध्ये भारताने ती स्वीकारली.

‘ताबा’ हा शब्दच मला खटकतो. शेताचा ताबा, घराचा ताबा आणि त्याच ओळीत मुलाचा ताबा!

आता हे विचारणे प्रत्यक्षात कसे होते ते पाहू. येथील पुराणी हवेलीतील कौटुंबिक न्यायालय असो वा आमच्याकडील एखादे, मुलाला भर कोर्टात उभे करून ‘आई हवी की बाप?’ असे विचारण्याची रीत नाही. न्यायाधीश आपल्या दालनात, आईबापांना बाहेर ठेवून, मुलाशी बोलतात. शाळेविषयी, भावंडांविषयी, रात्री कोणाजवळ झोपतो याविषयी विचारतात. मुलाने सांगितले तोच निकाल, असे मात्र नसते. मुलाला पढविले जाते. ज्याच्या घरी अभ्यासाचा तगादा नाही आणि खाऊला तोटा नाही, ते घर त्याला काही दिवस गोडही वाटते. म्हणून त्याचे म्हणणे हितासोबत तोलून पाहावे लागते. आणखी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या शब्दावरच निर्णय टांगला, तर आपण आईला सोडले किंवा बापाला सोडले ही बोचणी त्याला जन्मभर राहील. त्याचे ऐकावे, निवाड्याचा भार त्याच्या डोक्यावर देऊ नये.

या शहरात भाषेचाही प्रश्न आहे. आई मराठी, शेजार तेलुगू, गल्लीत दखनी, शाळा इंग्रजी, अशा घरातील मूल मनातले नेमके कोणत्या भाषेत बोलेल? ज्या भाषेत ते रडते त्या भाषेत त्याच्याशी बोलणे व्हावे, असे मला वाटते. शिवाय घर बदलले की शाळा बदलते. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने तेलुगू आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी शाळांतून सक्तीची झाली आहे. हैदराबादहून नांदेडला जाणाऱ्या मुलाला नवे घर आणि नवी लिपी एकदमच गाठावी लागते. आपल्याला कोठे राहावयाचे आहे हे सांगताना मुले बहुधा अशाच गोष्टी सांगतात: मित्र, शाळा, आजी, धाकटी बहीण. मोठ्यांना त्या क्षुल्लक वाटतात.

शिक्षकवर्गास एक विनंती. घरातील फूट बहुधा प्रथम वर्गात दिसते. वही कोरी राहते, डबा तसाच परत जातो. मुलाची उलटतपासणी करू नका आणि कोणाचा पक्षही घेऊ नका. मूल आपण होऊन बोलले तर ऐका. शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या ५ व्या कलमाप्रमाणे मुख्याध्यापकांनी तो तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

गावातील वडीलधाऱ्यांनाही सांगणे आहे. बैठकीत तोडगा काढताना भांड्याकुंड्यांची वाटणी होते तशी ‘मुलगा तुला, मुलगी तिला’ अशी मुलांची करू नये. बहीणभावंडांची ताटातूट हा मुलांवर दुसरा घाव असतो. रात्रीतून मूल उचलून दुसऱ्या राज्यात नेले म्हणजे प्रश्न सुटतो, हाही भ्रम आहे. १८९० च्या अधिनियमाप्रमाणे मुलाच्या पालकत्वाचा अर्ज, मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. एकाकडे मूल राहिले तरी दुसऱ्याला भेटीचे दिवस, सुट्ट्या आणि दूरध्वनीवरील बोलणे न्यायालय ठरवून देऊ शकते. मूल मोठे झाले, परिस्थिती पालटली, तर हे आदेश बदलूनही मिळतात. सात वर्षांच्या मुलाने सांगितलेले बाराव्या वर्षी त्याच्यावर बंधनकारक नाही.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा.