सारस आणि शेतकऱ्याची बांधी
(भोर येथील बैठकीतील भाषण)



आम्ही भोर-वेल्ह्याची भाताची माणसं, तुम्ही कपाशी-ज्वारीचे कोरडवाहू शेतकरी. आज बोलायचं आहे सारस पक्ष्याबद्दल. तो ना आमच्या खाचरात उतरतो, ना तुमच्या काळ्या रानात. मग त्याचं आपल्याला काय? तेच सांगतो.

महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडे, मामा तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या आसऱ्यानं. आपण खाचर म्हणतो, तीच तिकडची बांधी. अंग राखी, डोकं-मान लाल, उंची माणसाएवढी. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाही. जोडी जमली की सहसा जन्मभर टिकते. पावसाळ्यात, साचल्या पाण्यात गवत-काड्यांचा ढीग रचून मादी बहुधा दोन अंडी घालते. दोघं पाळीपाळीनं महिनाभर उबवतात. पिल्लू उडायला तीनेक महिने लागतात. कंद, किडे, बेडूक, गोगलगाई आणि सांडलेलं धान हे त्याचं खाणं.

म्हणजे त्याचं बाळंतपण शेतकऱ्याच्या बांधीत. घरट्याभोवतीचं धान मोडतं, तरी तिथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी घरटी राखली. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. चांगलं झालं. पण अंडी राखणार तो बांधावरचा माणूसच. मोडलेल्या धानाचे पैसे त्याला बाजारभावानं आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. पक्षी साऱ्या देशाचा आणि तोटा एकट्या शेतकऱ्याचा, हा कुठला न्याय?

सारस मरतो कशानं? तलाव आटतात, बुजतात. विजेच्या तारा लागतात. आणि तिसरं, औषध. राजस्थानात भरतपूरला आल्ड्रिननं सारस मेले. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. पक्षी मेला तेव्हा विष ओळखायला हवं होतं, कारण ते पहिल्यांदा आपल्याच हातातून जातं.

म्हणून आम्ही ठरवलंय, फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीवर धुवायचा नाही. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय आणि वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय फवारायचं नाही. तुम्हीही गावी जाऊन एवढं ठरवा. सारस वाचेल तेव्हा वाचेल, आपली पोरं तर वाचतील.